आधी रेघ वाचायला शिका, मशीन नंतर

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. वय छत्तीस, शिक्षण दहावी, काम इंटरनेटच्या फायबर केबली जमिनीखाली टाकण्याचं. फायबर म्हणजे प्रकाश नेणारी बारीक काच, केबल जिच्यातून ओढतात ती नळी म्हणजे डक्ट, फायबरची दोन टोकं वितळवून जोडणं म्हणजे स्प्लायसिंग, तो जोड म्हणजे जॉइंट, आणि वाटेत वाया जाणारा उजेड म्हणजे लॉस. पत्रातला मुख्य भाग असा:

"आमचं काम म्हणजे चर खणायचा, डक्ट टाकायचा, केबल ओढायची आन् बुजवायचं. परभणी, जालना, हिंगोली तिन्ही जिल्ह्यांत कामं केली. जेसीबी भाड्यानं असतो, आठ-दहा माणसं आहेत. जॉइंट मारायला मोठ्या ठेकेदाराचा पोरगा संभाजीनगरहून येतो, बावीस-तेवीस वर्षांचा. तो आपलं काम करून पैसे घेऊन जातो आणि आमचं बिल त्याच्या रिपोर्टवर अडकतं. यंदा एका कामात रिपोर्टमध्ये ४३१० मीटरवर लॉस दाखवला. मी चाकानं मोजून तिथं खणलं, डक्ट धड. पुढं-मागं अजून दोन खड्डे घेतले, तिथंही काही नाही. शेवटची रक्कम अडकलेलीच आहे. आता स्प्लायसिंग स्वतःच शिकावं असा विचार करायलो. ओळखीचा एकजण जुनं मशीन दीड लाखाला द्यायलाय. पैसे शेकडा तीननं मिळतील. घरचे नको म्हणायलेत. भाचा म्हणतो, मामा, मशीन सगळं आपोआप करतं. ह्या वयात त्या पोराच्या हाताखाली शिकायला जीवावर येतं, पण शिकायचं हे नक्की. काय करू?"

भाऊ, शिका. त्यात दुसरा विचार करू नका. पण ते मशीन आत्ता घेऊ नका, आणि शेकडा तीनच्या पैशानं तर मुळीच घेऊ नका. दीड लाखाचं महिन्याचं व्याज साडेचार हजार होतं, म्हणजे वर्षाला चौपन्न हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. तुमच्या हातून पहिला बिलाचा जॉइंट पडायच्या आधीच घराला दर महिन्याला साडेचार हजार शोधावे लागतील. घरचे नको म्हणतात ते याच भीतीनं म्हणत असतील, आणि ती भीती रास्त आहे.

शिवाय तुमच्या पत्रातच एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुम्हाला जॉइंट मारता येत नाही म्हणून तुमचं बिल अडकलेलं नाही. तुम्हाला रिपोर्ट वाचता येत नाही म्हणून ते अडकलंय. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि तुमच्यासारख्या माणसानं दुसरं आधी शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्प्लायसिंग मशीन दोन फायबरची टोकं समोरासमोर आणतं, ठिणगी देऊन काच वितळवतं, जोडतं आणि अंदाजे लॉस पडद्यावर दाखवतं. एवढं आपोआप होतं. त्याच्या आधीचं सगळं मात्र हातानं करावं लागतं: २५० मायक्रॉनचं कोटिंग स्ट्रिपरनं सोलून आतली १२५ मायक्रॉनची काच उघडी करायची, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसायची, क्लीव्हरमध्ये ठेवून एका फटक्यात सरळ कापायची. कापाचा कोन एक अंशाच्या आत असला पाहिजे. कापल्यावर त्या टोकाला बोट लागलं, टेबलाला टोक टेकलं, वाऱ्यानं धूळ बसली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि जोडावर चढवायची संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, फायबर जोडायच्या आधीच घालायची असते. नवा माणूस हमखास ती विसरतो आणि झालेला जॉइंट तोडून परत मारतो. हे सगळं मन लावून केलं तर काही आठवड्यांत हातात बसतं. तुमच्या हातांना कष्टाची सवय आहे, ते शिकतील.

रिपोर्ट वाचणं मात्र हातानं येत नाही, ते डोक्यानं शिकावं लागतं. तुमच्या ४३१० मीटरचंच उदाहरण घेऊन सांगतो.

ओटीडीआर म्हणजे फायबर तपासायचं यंत्र, रिपोर्ट त्याच्यावरच निघतो. तो फायबरमध्ये प्रकाशाचा झटका सोडतो आणि परत येणारा उजेड किती वेळानं आला ते मोजतो. विहिरीत हाक मारून आवाज किती वेळानं परत येतो त्यावरून खोली ताडावी, तसा हा हिशेब. त्या वेळेवरून तो अंतर काढतो आणि कुठे किती उजेड कमी झाला त्याची रेघ पडद्यावर काढतो, पण हे अंतर काचेतलं असतं, जमिनीवरचं नसतं. तुमचं चाक रस्त्यावरून फिरलं. ओटीडीआरचा प्रकाश मात्र जिथून माप घेतलं त्या ऑफिसमध्ये गुंडाळून ठेवलेल्या केबलमधून, प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमधल्या (जमिनीतल्या खोक्यातल्या) लूपमधून, म्हणजे जादा ठेवलेल्या वेटोळ्यातून, आणि केबलच्या आत नळीत थोड्या सैल, वळत गेलेल्या फायबरमधून फिरून आला.

आता हिशेब करू. समजा ऑफिसात २० मीटरची गुंडाळी आहे. वाटेत दोन जॉइंट आहेत, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचा लूप, म्हणजे ४० मीटर. ४३१० मधून हे ६० वजा केले की राहतात ४२५०. केबलच्या लांबीपेक्षा आतलं फायबर शेकड्यामागे एक मीटर जास्त धरलं तर केबलची लांबी भरते ४२०८ मीटरच्या आसपास. म्हणजे या हिशेबानं तुम्ही जवळपास शंभर मीटर पुढे खणलं. पुढे-मागे दोन नव्हे, पाच खड्डे घेतले असते तरी काही सापडलं नसतं.

यातून एक सवय लावून घ्या. लांबचं अंतर ऑफिसापासून कधी मोजू नका. फॉल्टच्या सगळ्यात जवळचा, तुम्हाला जमिनीवर ठाऊक असलेला जॉइंट पकडा. रेघेवर तो दुसरा जॉइंट ४०३० मीटरवर दिसतो आणि लॉस ४३१० वर, तर मधलं फायबर २८० मीटर. त्यातून जॉइंटच्या पुढचा दहा मीटरचा लूप काढला की २७०, आणि शेकडा एक वजा करून २६७. आता त्या चेंबरपासून २६७ मीटर मोजा. इथे चूक झाली तरी चार-पाच मीटरची होईल, शंभराची होणार नाही.

शेकडा एक हा आकडासुद्धा डोळे झाकून धरू नका. काही केबलींत तो तीनपर्यंत जातो. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, तो तुम्ही रोज पाहता. केबलच्या एखाद्या ड्रमच्या (मोठ्या रिळाच्या) सुरुवातीचा आणि शेवटचा छापील आकडा घ्या, त्याच तुकड्याची ओटीडीआरवरची लांबी घ्या. छापील लांबी २००० आणि ओटीडीआरवर २०२० आली तर तुमच्या केबलीचा फरक शेकडा एक. आणखी एक गोष्ट: ओटीडीआरमध्ये काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती मंदावतो तो आकडा, भरावा लागतो, साधारण १.४६८ च्या जवळचा. केबल बनवणारी कंपनी तो कागदावर देते. तो भरताना ०.०१ ची चूक झाली तर चार-सव्वाचार किलोमीटरवर जवळपास तीस मीटर इकडेतिकडे होतात. ज्यानं रिपोर्ट काढला त्याला हा आकडा विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

याच्याही पुढचा प्रश्न असा, की दाखवलेला लॉस खरंच तुमच्या चरातला आहे का? रिपोर्टवर प्रकाशाच्या दोन तरंगलांब्यांची मापं असतात, १३१० आणि १५५० नॅनोमीटर. १५५० वर लॉस जास्त आणि १३१० वर नगण्य असेल तर फायबर कुठेतरी वाकलंय किंवा दबलंय. दोन्हींवर जवळपास सारखाच असेल तर बहुधा जोड खराब आहे. आणि लॉसची जागा हिशेब करून जर नेमकी चेंबरवर पडली, तर तो तुमच्या खणण्याचा दोषच नाही. जॉइंट उघडून परत मारावा लागेल, आणि तो खर्च तुमच्या बिलातून कापायचं काही कारण नाही. हे बोलायला रेघ वाचता आली पाहिजे. नाहीतर ठेकेदाराचा माणूस सांगेल तेच खरं.

दोष तुमच्या बाजूचा निघाला तरी घाबरू नका, तो सापडतो. आपल्याकडची जमीन तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते, आणि डक्टला दर वर्षी हलवते. दीड-पावणेदोन मीटर खोल गेलेला डक्ट त्यातून वाचतो. मध्येच काळा कातळ लागला, खोली मिळाली नाही, आणि ब्रेकरनं फोडलेलेच दगड परत वर लोटले, की तिथे डक्ट चेपतो. रेघेवर असा लहानसा पायऱ्यासारखा उतार दिसतो, आणि तो १५५० वर ठळक असतो. तुम्ही हिशेबानं काढलेल्या जागेजवळ कातळाचा पट्टा होता का, आठवून पाहा. होता, तर आधी तिथेच खणा. आणि इथून पुढे कातळात डक्टच्या खाली-वर बारीक मुरूम घालायला माणसांना सांगाच, संध्याकाळ झाली असली तरी.

रिपोर्ट एकाच बाजूनं काढलेला असेल तर तो अर्धा रिपोर्ट समजा. दोन वेगळ्या ड्रमच्या फायबरची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे एका बाजूनं पाहिलं तर जॉइंटवर ०.२५ डीबी (डीबी हे लॉस मोजायचं एकक) लॉस दिसतो, आणि दुसऱ्या बाजूनं उलट ०.१५ डीबीचा फायदा दिसतो. जोडात प्रकाश वाढत नाही, हा मोजण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. दोन्हींची सरासरी ०.०५ डीबी येते, म्हणजे जॉइंट चांगला आहे. एकाच बाजूच्या मापावर कुणाचं बिल अडकलं, तर त्या माणसानं दुसऱ्या बाजूचं माप मागायलाच हवं.

डीबीच्या आकड्यांची धास्ती घेऊ नका. लांब गणितात पडायची गरज नाही, फील्डवर फक्त बेरीज-वजाबाकी लागते. ३ डीबी गेले की उजेड निम्मा राहतो, १० गेले की दहावा हिस्सा. चांगलं फायबर किलोमीटरला १३१० वर ०.३५ आणि १५५० वर ०.२ च्या आसपास खातं. जॉइंट ०.१ च्या आत, कनेक्टर साधारण अर्धा. एवढं पाठ असलं तरी समोर आलेला आकडा बरा की वाईट ते कळतं. घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांचं काम धरलंत तर स्प्लिटरचे आकडेही लागतील: एकाचे आठ करणारा साधारण साडेदहा डीबी खातो, बत्तीस करणारा सतराच्या वर. बारा रंगांचा क्रम तर लेकरांच्या वहीत लिहून भिंतीला लावा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिक्कट निळा.

आता त्या पोराच्या हाताखाली शिकण्याबद्दल. तुम्ही पत्रात हे शेवटी लिहिलंय, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त हेच टोचतंय. आठ-दहा माणसं ज्याच्या शब्दावर चालतात त्यानं बावीस वर्षांच्या मुलाला "हे कसं करायचं" विचारणं अवघड जातं, मला कळतं. पण त्याच्याकडे काय नाही तेही बघा. त्याला रेघ दिसते, जमीन दिसत नाही. डक्ट ओढ्याच्या कोणत्या अंगानं गेला, कोणत्या शेतकऱ्यानं बांध हलवला, जलजीवनच्या पाइपलाइनवाल्यांनी जेसीबी कुठे घातला, रस्ता रुंद करताना चेंबर कुठे बुजला, हे त्याच्या मशीनला माहीत नाही. फॉल्ट निघाला की तो गाडीत बसून तुम्हालाच फोन करत असणार. तेव्हा मागणं घेऊन जाऊ नका, देवाणघेवाण घेऊन जा. "तू रेघ दाखव, मी जागा दाखवतो," असं म्हणा. त्याच्या कामाच्या दिवशी त्याच्याशेजारी बसायची परवानगी मोठ्या ठेकेदाराकडून आधीच घ्या, म्हणजे त्या पोरालाही बोलणी बसणार नाहीत. शिकवेल तेव्हा त्याला सर म्हणालात तरी तुमचं काही कमी होत नाही. तुमच्या माणसांसमोर म्हणालात तर त्यांच्यातलाही एखादा शिकायला पुढे येईल.

आणि तुमच्याकडे असलेलं ज्ञान डोक्यात ठेवू नका, वहीत आणा. आजपासून प्रत्येक कामाची एक वही: दर जॉइंटला दोन्ही बाजूंचा छापील मीटरचा आकडा, लूप किती ठेवला, चेंबर कशापासून किती अंतरावर, कातळ कुठून कुठपर्यंत, खोली कुठे कमी पडली, रस्ता किंवा नाला कुठे ओलांडला. चेंबरचा फोटो लोकेशनसकट काढा. ही वही आणि ओटीडीआरची रेघ शेजारी-शेजारी ठेवता येणारा माणूस फार थोड्या ठिकाणी भेटतो. तुटलेली लाइन शोधायला लोक त्याला रात्री-अपरात्री गाडी पाठवून नेतात.

असं काम पुढे वाढणारच आहे. गावोगावी फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटींची मंजुरी मिळाली. तिच्यात ग्रामपंचायती रिंगमध्ये, म्हणजे गोल वळशात, जोडायच्या आहेत आणि दहा वर्षं देखभालही करायची आहे. देखभालीत नवा चर थोडा आणि फॉल्ट शोधणं जास्त. फक्त खणणाऱ्या माणसाला त्यात मजुरीचाच दर मिळेल.

सराव कसा करायचा? तुमच्याच कामांवर केबलचे तुकडे उरतात. विचारून दोन-चार मीटरचे घरी आणा. स्ट्रिपर, क्लीव्हर आणि आयपीए एवढंच आधी लागतं. सोलणं-पुसणं-कापणं घरीच घटवा. मशीन भाड्यानं मिळतं, एखाद्या दिवसासाठी आणून तयार तुकड्यांवर जॉइंट मारा. सराव सकाळी लवकर करा. परभणीच्या मे महिन्यात दुपारी घामेजलेल्या बोटांनी आणि धुळीच्या वाऱ्यात शिकलं की चूक हाताची की हवेची तेच कळत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. कापलेले काचेचे तुकडे जमिनीवर, सतरंजीवर, शेतात कुठेही टाकू नका. झाकणाच्या बाटलीत जमा करा. ते कातडीत शिरले तर दिसत नाहीत, डोळ्यात गेले तर फार वाईट. त्या जागेवर जेवण नाही, लेकरं नाहीत. फायबरच्या टोकात डोळा लावून "लाइट येतो का" बघायचं नाही. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो. चालू लाइनला साधा ओटीडीआर जोडायचा नाही, समोरचं यंत्रही जातं आणि आपलंही.

सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर टेलिकॉम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा ऑप्टिकल फायबर स्प्लायसरचा अभ्यासक्रम आहे, आणि आधीपासून काम करणाऱ्यांसाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे. कुठलाही खासगी क्लास लावण्याआधी एकच विचारा: माझ्या हातानं किती जॉइंट मारायला मिळतील? उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.

पुढे मशीन घ्यायची वेळ आली की बँकेत जा. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज बसतं. जुनंच मशीन घ्यायचं तर ते कोअर अलाइनमेंटचं आहे की क्लॅडिंगचं ते विचारा, म्हणजे टोकं आतल्या गाभ्यावरून जुळवतं की बाहेरच्या काचेवरून. लांब पल्ल्याच्या लाइनला कोअर अलाइनमेंटच लागतं, घरोघर जाणाऱ्या शेवटच्या तारेला (ड्रॉपला) दुसरंही चालतं. मेनूमध्ये आर्कचा (दिलेल्या ठिणग्यांचा) आकडा बघा, ठिणगी देणारे इलेक्ट्रोड कधी बदलले ते विचारा, क्लीव्हरचं ब्लेड किती फिरवून झालंय ते बघा, आणि तुमच्या समोर दहा जॉइंट मारून दाखवायला सांगा. तुमच्या ओळखीचा माणूस याला तयार नसेल तर विषय तिथेच संपला.

आता तुमच्या अडकलेल्या रकमेचं. ठेकेदाराकडून त्या कामाची ओटीडीआरची मूळ फाइल मागा. छापील कागद पुरत नाही, त्यात रेघ मोठी करून बघता येत नाही. दोन्ही बाजूंची, दोन्ही तरंगलांब्यांची फाइल हवी, आणि ती मागणी लेखी करा, व्हॉट्सअॅपवर का होईना. ती आली की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. सोबत दोन्ही जॉइंटचे छापील मीटर आणि लूपची लांबी लिहा. मी हिशेब मांडून कुठे खणायचं ते कळवतो. तो हिशेब आधी तुम्ही स्वतः करून बघा आणि तोही सोबत जोडा.